फुकेत विमानतळावर माझा उजवा हात

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कोणी ‘डॉक्टर असून असलं लिहिता?’ असं विचारायला नको. मी निलेश, दातांचा डॉक्टर. रायपूरला तेलीबांध्याला माझं क्लिनिक आहे आणि त्याच बिल्डिंगमध्ये वर आमचं घर. उतारा, नजर, बाहेरची बाधा... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधायची आणि मी त्यातलं लिंबू काढून सरबतात पिळायचो. या ग्रुपवरचे असले अनुभव मी वाचतो ते दोन पेशंटच्या मधल्या वेळात, चहा पिता पिता. वाचून झाल्यावर बहुतेक वेळा ‘ॲसिडिटी असेल’ म्हणतो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, मला किळस येत नाही. म्हणजे येत नसे. गुटख्यानं सडलेले जबडे, हिरड्यांतून ओघळणारा पू, महिनोन्‌महिने न घासलेली कवळी... हे माझं रोजचं काम. आमच्या छत्तीसगडमध्ये तोंडात गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घासायची सवय घरोघरी आहे, बायकापुरुष सगळ्यांना. ती तोंडं मी दिवसभर उघडी करून बघतो आणि दुपारी हात धुऊन आरामात पोळीभाजी खातो. माझी बायको शुभांगी म्हणते की या माणसाचं नाक देवानं लावायचं म्हणून लावलंय.

तर अशा माणसाच्या बाबतीत हे घडलं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आमच्या घरात पाच माणसं. मी, शुभांगी, आमची मुलगी ओवी, माझी आई आणि वसंतमामा. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. रेल्वेतून रिटायर झालेले. लग्न केलं नाही. अकरावीला मी वर्ध्याहून त्यांच्याकडे रायपूरला आलो आणि डेंटल कॉलेज संपेपर्यंत त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहिलो. डब्यात काय न्यायचं इथपासून मुलगी बघायला कोणता शर्ट घालून जायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच बघितलं. आता ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. तब्येत ठणठणीत, पण डोकं थोडं सैल झालंय. चहा पिऊन झाल्यावर चहा मागतात. कधीकधी गेलेल्या माणसांची चौकशी करतात, की तो बऱ्याच दिवसांत आला नाही, बरा आहे ना? तरी सकाळी तळ्यावर एकटे फिरायला जायचे आणि वेळेवर परत यायचे. म्हणून आम्ही कधी अडवलं नाही.

ओवीची दहावीची परीक्षा झाली होती आणि तिला समुद्र बघायचा होता. ‘आपला’ नाही, फोटोतला. निळा. म्हणून थायलंड ठरलं, फुकेत. मामांनाही चला म्हटलं. ते म्हणाले, मले कायले पाह्यजे समुद्र, आपल्याले मरीन ड्राइव्ह पुरे. आमच्या तेलीबांध्याच्या तळ्याला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, त्यावर त्यांचा हा कायमचा विनोद. आई आणि मामा घरी राहिले. माझा धाकटा भाऊ सचिन पुरानी बस्तीत राहतो, तो येऊन-जाऊन लक्ष ठेवणार होता.

रायपूरहून संध्याकाळी दिल्ली आणि दिल्लीहून सकाळचं विमान. प्रवास अगदी छान झाला. मी झोपलो होतो. उतरायची वेळ झाली तेव्हा ओवीनं हलवून उठवलं — पापा, देखो ना. खिडकीतून खाली बघितलं तर पाण्यात हिरवी बेटं, आणि पाणी खरंच तसलं निळं. शुभांगीनं माझा हात दाबला. तो डावा हात.

उजवा जड झाला होता. झोपेत दबला असेल म्हणून मी झटकला, मूठ वळली, उघडली. मुंग्या आलेल्या नव्हत्या. दुखतही नव्हता. फक्त खाली ओढला जात होता... पाण्यानं भरलेली बादली बराच वेळ धरून उभं राहिल्यावर खांद्यात जे होतं ना, तसं. माझ्या धंद्यात खांदे-मनगटं दुखतातच, त्यामुळे मी फार विचार केला नाही.

विमानाचं दार उघडलं आणि बाहेरची गरम, दमट हवा आत आली. सगळे त्या हवेला ‘आहा’ करत होते. माझ्या नाकात मात्र दुसरंच काही शिरलं.

कसं सांगू... आंबट. शिळ्या भाताला आंबट वास येतो, तो शंभरपट करा. त्यात गटाराचा वास, त्यात ओल्या राखेचा. आणि कोमटपणा. वास कोमट कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. मी मागच्या-पुढच्या लोकांकडे बघितलं. कोणी नाकाला रुमाल लावलेला नाही. शुभांगीला विचारलं, तिला काही येत नव्हता. ओवी म्हणाली, शायद आपकी शर्ट से आ रही है पापा. तिनं तोंड वाकडं केलं, म्हणजे तिला थोडा येत होता.

आम्ही लांब कॉरिडॉरमधून चालत इमिग्रेशनच्या हॉलमध्ये पोचलो. मोठी रांग. दोरी लावून नागमोडी केलेली, आजूबाजूला जगभरचे लोक. चड्ड्या, टोप्या, लहान मुलं, सगळे खुशीत. तिथे रांगेत उभा असताना पासपोर्ट काढायला म्हणून मी खिशात हात घातला आणि बोटं चिकटली.

हात बाहेर काढला. नखांच्या कडेनं काळं येत होतं. आत साचलेली घाण नव्हे, बाहेर येत होतं. घट्ट, बुळबुळीत, काळसर-करडं. नखाच्या खालून झिरपल्यासारखं येऊन बोटांच्या पेरांवर पसरत होतं. मला वाटलं बॅगेत काहीतरी फुटलं. शुभांगीनं घाबरून माझी पाठीवरची बॅग तिथेच उघडली. कोरडी ठणठणीत. खिसाही आतून कोरडा, फक्त माझी बोटं लागली तिथे काळा डाग. तिनं ओले टिश्यू दिले, मी पुसलं. टिश्यू काळे झाले, बोटं स्वच्छ झाली, आणि मी ते टिश्यू मुठीत धरून उभा असतानाच पुन्हा नखांच्या कडा ओलसर झाल्या. पुढचं जोडपं कुठल्या देशाचं होतं कोण जाणे, त्यातल्या बाईनं वळून बघितलं आणि ती नवऱ्याला घेऊन दोन माणसं पुढे सरकली.

मला स्वतःचीच किळस येत होती. हे मी पहिल्यांदा अनुभवत होतो. दुसऱ्याच्या घाणीला आपण हातमोजे घालतो. स्वतःच्या हाताला काय घालणार?

आमचा नंबर आला. काचेमागे एक तरुण बाई बसली होती, युनिफॉर्ममध्ये, केस घट्ट बांधलेले. शुभांगी आणि ओवीचं पटकन झालं. त्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी बोटं टेकवली. तिथे बोटांचे ठसे घ्यायचं मशीन असतं, हिरवा उजेड येणारी छोटी काच. मशीननं नकार दिला. बाईनं खुणेनं पुन्हा ठेवायला सांगितलं. पुन्हा नकार. ती उठली, काचेकडे बघितलं आणि तिचा चेहरा... तिनं खोक्यातून कागद ओढला, काच पुसली, दुसरा ओढला, पुन्हा पुसली. मग कागद नाकाजवळ नेला आणि झटकन फेकून दिला. पुन्हा माझी बोटं, पुन्हा पुसणं. शेवटी तिनं हात धुवायची खूण केली आणि भिंतीकडच्या टॉयलेटकडे बोट दाखवलं. रागानं नाही. उलटी होणाऱ्या माणसाशी वागतात तशी माझ्याशी वागली.

मी जवळजवळ पळतच गेलो. बेसिनवर साबणाचं यंत्र होतं. मी आमच्या पद्धतीनं धुतलं, ऑपरेशनच्या आधी धुतो तसं, बोटांच्या मधे, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. आणि गेलं. खरंच गेलं. पाणी आधी काळं, मग करडं, मग स्वच्छ. वास गेला. हात हलका झाला, इतका हलका की तो आपोआप वर उचलल्यासारखा झाला. मी आरशात बघून हसलो. मनात म्हटलं, काहीतरी रिॲक्शन असेल, घामाची, कशाची तरी. आणखी थोडा वेळ मी त्या थंड पाण्याखाली नुसतेच हात धरून उभा राहिलो, कारण फार बरं वाटत होतं.

परत येऊन बाईच्या समोर उभा राहिलो. बोटं पुढे केली, आणि ती काचेला लागायच्या आत माझा हात कोणीतरी पकडला.

‘पकडला’ हा शब्द मी विचार करून लिहितोय. पाच बोटं होती. ओली, गार, बुळबुळीत, आणि त्यांची कातडी सुटून आल्यासारखी सरकत होती. त्यांनी माझा पंजा मनगटासकट मुठीत घेतला आणि त्या पकडीला मागून पूर्ण माणसाचं वजन होतं. माझा खांदा खाली गेला, मी काउंटरवर आपटलो. हाताभोवती काही दिसत नव्हतं. पण नखांतून ते काळं पुन्हा आलं, यावेळी भसाभस, आणि वास असा आला की काचेमागच्या बाईनं खुर्ची मागे ढकलली.

मग कोणीतरी वरिष्ठ आला. त्यांच्या आपापसात काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. डाव्या हाताचे ठसे घेतले, शिक्का मारला आणि मला पलीकडे सोडलं. ती बाई तेव्हाही काच पुसत होती.

सामान येतं त्या पट्ट्याजवळ मी खालीच बसलो. शुभांगीनं विमानातून आणलेली उलटीची कागदी पिशवी माझ्या हातात दिली, मी त्यात ओकलो. दुसरी पिशवी तिनं माझ्या उजव्या हातावर मोज्यासारखी चढवली, कारण फरशीवर थेंब पडत होते आणि लोक बघत होते. ती मला म्हणत होती की चला, पुन्हा धुऊन या. मलाही तेच हवं होतं, जीव कासावीस झाला होता साबणासाठी. पण मला उठता येईना. ते वजन इतकं होतं की बसल्या जागेवरून हललो तर खांदा निखळेल असं वाटत होतं.

एवढ्यात शुभांगीचा फोन एअरपोर्टच्या वायफायला जोडला गेला आणि आईचे मिस्ड कॉल धडाधड आले. तिनं उलट फोन लावला. आईचा आवाज स्पीकरवर होता. भाऊ सकाळपासून घरी नाही, तळ्यावर गेला तो आलाच नाही, सचिन सगळीकडे शोधून आला, तळ्यावरचे गार्ड म्हणतात की म्हातारबाबा ऑटोत बसून कुठंतरी गेले. आई रडत होती. पोलिसात सांगितलं होतं. तरीही मरीन ड्राइव्हच्या पाण्यात गळ टाकायची भाषा चालली होती.

मी ते ऐकत पिशवीतल्या हाताकडे बघत होतो. पिशवी ओली होऊन फाटली होती आणि अंगठ्याच्या नखापाशी काहीतरी अडकलं होतं. मी डाव्या हातानं ते काढलं. धानाचं तूस होतं. तांदळावरचं ते पिवळट टरफल, नावेच्या आकाराचं. अजून एक होतं. अजून बरीच होती, त्या काळ्या चिखलात मिसळलेली.

रायपूरच्या कुठल्याही माणसाला तो वास तिथे, त्या क्षणी कळला असता. मलाच उशीर लागला, कारण तो वास थायलंडमध्ये येईल हे डोक्यात बसत नव्हतं. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान हौदात भिजवतात. ते पाणी नंतर सोडून देतात. आंबतं ते. रायपूरच्या भनपुरीत अशा मिल आहेत, तिथून बसनं जाताना खिडक्या लावून घ्याव्या लागतात असा तो वास, आणि त्यात बॉयलरची राख.

मी शुभांगीला म्हटलं, सचिनला लाव.

सचिन गाडीवरच होता. मी त्याला सांगितलं की भनपुरीला जा, उसना मिलच्या मागे, जिथे ते सडकं पाणी सोडतात तिथे बघ, टाक्यात, हौदात, खड्ड्यात. तो मग म्हणाला, “दादा, तू ठीक आहे ना? मामा भनपुरीले काहून जाईन?”

मला कारण माहीत नव्हतं. पण बोलताना एक नाव तोंडात आलं — शिवप्रसाद मुनीम. मामांचे जुने मित्र, भनपुरीच्याच एका मिलमध्ये हिशेबाला होते. मी कॉलेजात असताना रविवारी मामा त्यांच्याकडे जाऊन बसायचे. मुनीमजी जाऊन बरीच वर्षं झाली, मिलही बंद पडली. सचिनला ती जागा आठवत होती. त्यानं आणखी काही विचारलं नाही, गाडी वळवली.

त्यानंतरचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. सामान पट्ट्यावरून फिरत होतं, ओवी रडत होती, एक सफाईवाली बाई लांबून पोछा धरून उभी होती पण जवळ येत नव्हती. ती पकड सैल व्हायला लागली की पुन्हा घट्ट व्हायची. सरकायची आणि पुन्हा धरायची. त्या बोटांची नखं मला लागत होती. मला एकच गोष्ट हवी होती, की हे सुटावं, कसंही सुटावं, हात मनगटापासून कापून टाकला तरी चालेल. मामांची काळजी वाटत होती का? खरं सांगतो, त्या वेळी माझ्यात काळजीला जागा नव्हती. फक्त शिसारी होती.

आणि मग एकदम सुटलं. दोरी कापल्यासारखं. माझा हात वर उडाला आणि मी मागे पडलो.

थोड्या वेळानं सचिनचा फोन आला. तो धापा टाकत होता. मामा सापडले होते, जिवंत. बंद मिलच्या मागच्या जुन्या हौदात. शेजारची चालू मिल आपलं पाणी त्यातच सोडत असे, वर राखेचा थर वाळून जमिनीसारखा दिसत होता. मामा लघवीला म्हणून मागे गेले आणि पाय आत गेला. छातीच्या वरपर्यंत रुतले होते. पलीकडे ट्रक धुणारी माणसं होती पण मशीनच्या आवाजात कोणाला हाक ऐकू गेली नाही. सचिननं त्याच माणसांना गोळा करून दोर टाकून बाहेर काढलं.

नंतर सचिननं एक गोष्ट सांगितली, तीही हळू आवाजात. मामा डोक्याच्या केसांपासून पायापर्यंत काळे होते. नाका-कानात तो चिखल होता. फक्त उजवा हात, मनगटापासून पुढे, स्वच्छ होता. कोरडा नाही, पण स्वच्छ. आणि तो हात त्यांनी वर धरलेला होता, सरळ, जसं लहान मूल रस्ता ओलांडताना धरतं तसा.

माझ्या मनगटावर चार लाल पट्टे होते आणि आतल्या बाजूला अंगठ्याएवढा एक. शुभांगीनं बघितले, ओवीनं बघितले. संध्याकाळपर्यंत ते गेले. त्या कागदी पिशव्या आणि टिश्यू शुभांगीनं विमानतळावरच कचऱ्यात टाकले. नंतर मला वाटलं की थोडंसं ठेवायला हवं होतं, तपासता आलं असतं. पण ते ठेवा असं तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

समुद्र आम्ही बघितला, हॉटेलच्या बाल्कनीतून. मिळालं त्या विमानानं परत आलो.

मामा हॉस्पिटलमध्ये होते. फुप्फुसात ते पाणी गेलं होतं, ताप होता, दोन्ही पायांची कातडी निघाली होती. आम्ही गेलो तेव्हा ते शुद्धीवर होते. आईनं त्यांना एवढंच सांगितलं होतं की निलेश लवकर परत आला. फुकेतला काय झालं ते त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, सचिनलाही मी फोनवर पूर्ण सांगितलेलं नव्हतं. हे मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारून खात्री करून घेतलंय, कारण पुढचं जे आहे ते मलाच पटत नाही.

मी खुर्ची ओढून बसलो. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “थकला असशीन बाप्पा. लय वेळ धरून होता तू.”

मी विचारलं, काय धरून होतो मामा?

ते म्हणाले, हात. जसं काही ते सगळ्यांना माहीतच आहे. म्हणाले की तू वर उभा होता, तुझ्या मागं लोकांची लाइन होती, बॅगा घेऊन. आपली पोट्टी, ओवी, पलीकडे उभी होती. एक बाई काचेच्या मागं बसली होती आणि घडीघडी कागदानं पुसून राहिली होती. मी तिले आवाज दिला पण तिनं पाह्यलं नाही.

शुभांगी पलंगाच्या त्या बाजूला होती. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि ती खोलीबाहेर गेली.

मामा पुढे म्हणाले, “मधात एकडाव सोडला तुनं हात. मी पार गळ्यापावतो गेलो होतो, तोंडात पाणी आलं. काहून सोडला?”

आवाजात तक्रार नव्हती. नुसतं विचारत होते. मला ते बेसिन दिसलं, ते काळं, करडं, स्वच्छ होत गेलेलं पाणी, आणि नंतर उगीचच थंड पाण्याखाली उभा राहिलो होतो तो वेळ. खोटं सुचत नव्हतं. मी म्हटलं, “हात धुवाले गेलो होतो मामा.”

त्यांनी मान हलवली. “बरं केलं,” म्हणाले, “लय घाण होती.”

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मी माझ्या डोक्याचा एमआरआय करून घेतला, मेंदूचा डॉक्टर मित्र आहे त्याच्याकडून. काही नाही. नसलेले वास येणं हा आजार असतो, तो मला नाही. आणि असता तरी काचेमागच्या त्या बाईला वास कसा आला? नखांतून तूस कुठून आलं? मामांनी ती काच कशी बघितली? योगायोग, भास, ताण असे सगळे शब्द मी लावून बघितले, एकही बसत नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी थट्टा करणार नाही. माझं स्पष्टीकरणाचं दुकान बंद झालंय.

लोक म्हणतात की किती नशीबवान तुम्ही, तुमच्या हातून जीव वाचला. आई तर माझ्या उजव्या हाताला हळदीकुंकू लावायला निघाली होती. मला यात पवित्र असं काही वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला अजून रात्रंदिवस ती बोटं आठवतात. क्लिनिकमध्ये मी आता दोन-दोन हातमोजे घालतो. घरात उसना तांदूळ येत नाही, इडलीचं पीठ आंबवलं की मी बाहेर निघून जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मामांचा हात. ते बरे झालेत, काठी घेऊन चालतात, जिना उतरताना त्यांना आधार लागतो. मी रोज देतो. पण त्यांचा पंजा माझ्या हातात आला की माझ्या घशाशी येतं. तोंड दुसरीकडे करून मी ते गिळतो. ज्या माणसानं मला वाढवलं त्याच्या स्पर्शाची मला किळस येते, आणि यावर कुठलंही औषध मला माहीत नाही.

मला वाटत होतं हे त्यांच्या लक्षात येत नाही. डोकं सैल झालंय, चहा पिऊन विसरतात, हे कुठून कळणार?

पण हल्ली जिन्याच्या तोंडाशी आलो की मामा आधी काठी भिंतीला टेकवतात, उजवा पंजा सदऱ्याला पुढून-मागून नीट पुसतात, उजेडात धरून बघतात, आणि मगच माझ्यापुढे करतात.